तात्यांची साखर आणि जावईबापूंचा रस

"मॅडम, रविवारी तुम्ही स्टेजवर पाहिजेत. पहिल्या रांगेत नाही, स्टेजवर."

शरदने माझ्या टेबलावरचं बीपीचं मशीन जरा बाजूला सारलं आणि काळपट रसाच्या दोन उंच बाटल्या मांडल्या. त्यांच्यापुढे सेमिनारची पत्रिका ठेवली. लग्नाची असते तशी, वर गणपती छापलेली. बाहेर बाकड्यावर पेशंट खोळंबले होते. शरदच्या गळ्यात टाय होता. मखमलाबाद रोडवरच्या माझ्या दवाखान्यात तोवर टाय लावून फक्त औषध कंपन्यांचे एम.आर. यायचे, आणि त्यांना मी पेशंट संपल्याशिवाय आत घेत नसे. शरदला घेतलं, कारण तो निवृत्तीतात्यांचा जावई होता.

"मी कशाला स्टेजवर?" मी विचारलं.

"मामांचा रिपोर्ट तुम्हीच बघितलाय ना. तुम्ही फक्त सांगायचं, आधी शुगर किती होती आणि आता किती आहे. बाकीचं आम्ही बोलतो."

सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. रिपोर्ट मी बघितला होता हे खरं, आणि तो चांगला आला होता हेही खरं.

"आणि मामांनी गोळ्यापण सोडल्यात," शरद म्हणाला. "फक्त आपल्या रसावर आहेत."

मी काही बोलले नाही. तात्यांच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच दवाखान्यातून जात होत्या. त्या महिन्यातही गेल्या होत्या. पण एका पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. त्यातून जावयाला सासऱ्याची गोष्ट सांगायची म्हणजे नियम नसता तरी मी दोनदा विचार केला असता.

मी गप्प आहे हे बघून शरदला आणखी हुरूप आला. "आईचंही ठरलंय. ती गेली किती वर्षं इन्सुलिनवर आहे. सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेते बिचारी. रविवारी स्टेजवरच ती सिरिंज टाकून देणार आणि त्याच दिवसापासून रस चालू. शनिवारी तिला तुमच्याकडे आणतो. तुम्ही तिची आधीची शुगर काढून द्या. बिफोर आणि आफ्टर असं दाखवायचंय."

आता मात्र मी पेन खाली ठेवलं.

"शरद, आईचं इन्सुलिन बंद करायचं नाही. एक दिवससुद्धा नाही."

तो हसला. वाईट हसला नाही, समजूतदारपणे हसला. "आमच्या सरांनी सांगितलंच होतं. डॉक्टर पहिल्यांदा असंच म्हणणार."

म्हणजे मी तोंड उघडण्याच्या आधीच माझं तोंड बंद करायची व्यवस्था झालेली होती. तेव्हा नाशकात या साखळी-विक्रीच्या व्यवसायाचा नुसता सुळसुळाट होता. कोणी गादीत लोहचुंबक घालून विकत होतं, कोणी हातात घालायचं कडं, कोणी हिरव्या शेवाळाच्या गोळ्या. दुकानात यातलं काही मिळत नसे. तुमचा साडू, तुमच्या पोराचे मास्तर, तुमच्या शेजारच्या वहिनी असे ओळखीचे लोकच घरी येऊन विकायचे. ज्याने तुम्हाला आत ओढलं तो तुमचा अपलाइन, आणि तुम्ही ज्याला ओढलंत तो तुमचा डाउनलाइन. शरदचे 'सर' म्हणजे त्याचे अपलाइन. शरदचा रस कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या फळाचा होता. संधिवात, दमा, बीपी, डायबिटीस, केस गळणं या सगळ्यांवर तो एकच रस चाले. इतकं काम एकटा रस करतो म्हटल्यावर आम्ही कॉलेजात इतकी वर्षं काय केलं, असा प्रश्न मला पडायचा.

पण शरद लबाड नव्हता. हे मी आजही सांगते. पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तो सीझनपुरता सुपरवायझर होता. शेवटचा कंटेनर रवाना झाला की त्याला पुढच्या थंडीपर्यंत काम नसे. त्या रिकाम्या महिन्यांत हे त्याच्या हाताला लागलं. त्याचा त्या रसावर मनापासून विश्वास होता, आणि लबाड माणसाला समजावणं सोपं असतं असं मला तेव्हा फार वाटलं.

आता तात्यांविषयी. निवृत्तीतात्या माझे दवाखाना उघडल्यापासूनचे पेशंट. मखमलाबादला गावात घर आणि पाटाच्या पलीकडे मळा. मळ्यात शेवंती, झेंडू, कडेला मेथी-कोथिंबीर. तरुणपणी फुलांचे हारे डोक्यावर घेऊन ते चालत गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जायचे. मग मुलाने मोटरसायकल घेतली. फुलंही गाडीवर जायला लागली आणि तात्याही. घरून मळ्यात जायचं तरी मुलाच्या मागे बसून. पोट सुटलं आणि पाठोपाठ साखर आली.

मी त्यांना सांगून सांगून थकले होते. तात्या, चालत जा. तात्या, सकाळचा तो गोड चहा आणि त्यात बुडवून खाल्लेले टोस्ट बंद करा. तात्या, रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होऊ नका. तात्या प्रत्येक वेळी दोन्ही हात जोडून म्हणायचे, "तुमचं बरोबर हाय, मॅडम." आणि पुढच्या वेळी साखर तेवढीच. ते माझ्याशी कधी वाद घालत नसत. वाद घालणारा पेशंट परवडतो, कारण तो निदान ऐकत तरी असतो.

त्या वर्षी अधिक महिना आला, अधिक श्रावण. आमच्याकडे अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात. पुरणाचे धोंडे, अनारसे, वाण, दिवा. त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि लेक लक्ष्मी. तात्यांनी जावयाला काय द्यायचं याची जुळवाजुळव केलेली होती. पण पानावर बसल्यावर शरद म्हणाला, "मामा, मला काही नको. तुम्ही तेवढी तब्येत सांभाळा." आणि पिशवीतून रसाची बाटली काढून त्यानेच सासऱ्यापुढे ठेवली.

नारायणाने स्वतः दिलेल्या गोष्टीला कोण नाही म्हणणार? काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, ती बाटली उचलून थेट देव्हाऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवली.

हे सगळं मला दिवाळीनंतर काकूंकडूनच कळलं. तात्यांची एचबीएवनसी करून घेतली होती. ही तपासणी रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. आदल्या दिवशी उपास करून चांगला रिपोर्ट आणणाऱ्या पेशंटना ती अजिबात आवडत नाही. तात्यांची ती इतकी खाली आली होती की मी लॅबला फोन करून नाव पुन्हा विचारलं. वजन उतरलं होतं. पट्टा दोन भोकं आत गेला होता. काकू अभिमानाने म्हणाल्या, "जावयाचा रस लागू पडला." तात्या खिडकीतून बाहेर बघत होते.

मला ते तेव्हाच खटकलं होतं. का, ते शरदने बाटल्या टेबलावर ठेवल्या त्या दिवशी लक्षात आलं. मी एक बाटली उघडून हुंगली, मग जिभेला बोट लावून बघितलं. वास भयंकर, आणि त्याखाली चांगलाच गोडवा.

"शरद, दहा मिनिटं थांबतोस?"

माझ्या कपाटात बेनेडिक्टचं द्रावण अजून होतं. साखर मोजायची छोटी मशीन येण्याआधी आम्ही लघवीतली साखर त्यावर बघायचो. निळंशार द्रावण असतं. त्यात तपासायच्या गोष्टीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर निळं ते निळंच राहतं. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि भरपूर असली तर विटेसारखं लाल होतं. मी दिवा पेटवला. शरदच्याच बाटलीतले थेंब शरदलाच टाकायला लावले. नळी तापली, आणि हिरव्या-पिवळ्यावर फारसा न रेंगाळता रंग सरळ विटेवर जाऊन पोचला.

शरद नळीकडे बघत राहिला. हुशार पोरगा होता. म्हणाला, "मॅडम, द्राक्षांचा रस टाकला तरी असंच होईल की."

"होईल ना. मी तेच म्हणतेय. हा फळाचा रस आहे."

"मग मामांची शुगर उतरली कशी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, निदान अर्धं तरी होतं, आणि ते मला देता येत नव्हतं. मी म्हटलं, "चालण्याने आणि पथ्याने उतरते." तो पुन्हा तसाच समजूतदारपणे हसला. बाटल्या भेट म्हणून तिथेच ठेवून, शनिवारी आईला घेऊन येतो म्हणून गेला.

मी त्याच दुपारी तात्यांना निरोप धाडला.

ते आले, टोपी काढून स्टुलावर बसले. घामेजले होते, म्हणजे चालत आले होते. हेही नवीनच.

"तात्या, रस घेता का?"

"घेतो ना. जावयानं दिलाय म्हटल्यावर."

"दोन्ही वेळ?"

"दोन्ही टाइम."

"तात्या, तो रस दोन्ही वेळ पोटात गेला असता तर तुमची साखर वर गेली असती. ती खाली कशी आली?"

त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मग उठून दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

"एकदा घेतला, मॅडम. धोंड्याच्या जेवणाला, त्यांच्यासमोर. कांद्याच्या चाळीत पाणी शिरल्यावर वास सुटतो ना, तसा वास. पुरणाचा घास पार घशापर्यंत वर आला. पण जावई समोर बसलेले. गिळला."

"आणि नंतर?"

"नंतर कुठला घेतोय? पण घरात हिची नजर. सकाळी देवपूजा झाली की पेल्यात वतून हातात. समोर उभी राहणार. मग मी म्हटलं, शरदरावांनी सांगितलंय, मोकळ्या हवेत घ्यायचा, सूर्याकडं तोंड करून. तर आता छोट्या बाटलीत भरून देती. मी मळ्यात जातो आन् केळीच्या बुडाशी वतून येतो."

"रोज?"

"सकाळी आन् संध्याकाळी. दोन टाइमचा हाय ना तो."

"चालत?"

"मग? पोराच्या गाडीवर गेलो तर तो बघंल की."

मी हसायला लागले. मला आवरेचना. तात्याही आधी कसनुसे आणि मग मोकळे हसले. मग एकेक गोष्ट बाहेर आली. रस घेतल्यावर तासभर चहा प्यायचा नाही असं शरदने सांगितलं होतं, म्हणून काकूंनी सकाळचा चहा आणि टोस्ट बंद केले. दिवस मावळायच्या आत जेवायचं असं सांगितलं होतं, म्हणून घरात चूल लवकर पेटू लागली. गोड बंद, कारण गोडाने रसाचा गुण जातो. गोळ्या सोडायलाही सांगितलं होतं. पण तात्यांना माझी भीती होती, म्हणून त्या मळ्यात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत लपवून चालू होत्या. म्हणजे मी इतकी वर्षं जे जे सांगत आले होते, ते सगळं तात्या तंतोतंत करत होते. फक्त ते एक न प्यायलेला रस लपवण्यासाठी करत होते.

हसणं ओसरल्यावर मी त्यांना विहीणबाईंचं सांगितलं. शरदने ती गोष्ट गावभर जाहीर केली होती, त्यामुळे तिथे नियमाचा प्रश्न नव्हता.

तात्यांना ते नवीन नव्हतं. "हो, सुई सोडणार म्हणं. मी गोळ्या सोडल्या म्हणं, तशी."

"तुम्ही कुठे सोडल्यात, तात्या? तुमच्या गोळ्या चालू आहेत. आणि तुमचं वेगळं, त्यांचं वेगळं. समजा, तुमच्या विहिरीला पाणी आहे, फक्त मोटार दमलीय. गोळी दिली, चाललात, तर मोटार चालते. विहीणबाईंची विहीरच आटलीय. त्यांना रोज बाहेरून टँकर लागतो. इन्सुलिन म्हणजे तो टँकर. तो थांबला तर रक्तात आम्ल चढतं. उलट्या होतात, श्वास लागतो, आणि थोड्या दिवसांत माणूस बेशुद्ध पडतो. त्या वयाला आणि त्या प्रकृतीला तिथून परत येईलच असं मी सांगू शकत नाही."



"तुम्हीच सांगा ना शरदरावांना," तात्या म्हणाले.

"सांगितलं. माझं ऐकणार नाही. तो तुमच्याकडे बोट दाखवतो. तुमच्यामुळे त्याची खात्री झालीय. ती तुमच्यामुळेच मोडेल."

"मॅडम, जावयाला काय तोंडानं सांगू? धोंड्याच्या महिन्यात त्यांनी हातानं दिलेलं केळीला वतलं म्हणून? पोरगी तिकडं नांदतीय माझी. उद्या तिला म्हटले, तुझ्या बापानं आमचा मान राखला नाय, तर?"

ही भीती खोटी नव्हती. सुनीता, त्यांची लेक, माझ्यासमोर वाढलेली. तिचं सासरी चांगलं चाललं होतं, आणि तात्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना कसली शांतता असेल तर ती तेवढीच होती. मला त्यांची दया आली, रागही आला. पण सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं.

"शनिवारी सकाळी विहीणबाई इथे येणार आहेत," मी म्हटलं. "तुम्ही या किंवा येऊ नका. तुमच्या वतीने मी काही बोलणार नाही."

ते टोपी घालून गेले. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

शनिवारी शरद आईला घेऊन आला. बरोबर सुनीताही होती. विहीणबाई सोनाबाई म्हणजे काटक, उंच, डोक्यावरून पदर. हाताला हात लावला तर नुसती हाडं. मी त्यांची साखर बघितली. इन्सुलिन चालू असूनही ती वरच होती. शरदने आकडा जपून कागदावर टिपून घेतला. "बिफोर," तो म्हणाला.

मी सोनाबाईंना सरळ सांगितलं. इन्सुलिन बंद केलं तर जिवावर बेतेल. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. शरद मध्येच म्हणाला, "आई, मामांना पण असंच सांगितलं होतं मॅडमनी. मामांचं काय झालं बघ ना."

तेवढ्यात दार उघडलं. तात्या होते. धुतलेलं धोतर, स्वच्छ टोपी, सोयरिकीला निघावं तसे. जावयासमोर बसायला ते तयार होईनात. मी स्टूल पुढे केलं तरी उभेच राहिले.

"शरदराव," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसा मी वागलो. रोज चालत मळ्यात गेलो. चहा सोडला. लवकर जेवलो. माझी साखर तुमच्या सांगण्यानं उतरली. हे मी चार लोकांत सांगंन."

शरदचा चेहरा उजळला. त्याने आईकडे बघितलं.

"पण रस मी घेतला नाय. धोंड्याच्या दिवशी तुमच्यासमोर घेतला तेवढाच. बाकीचा केळीला वतला. आन् मॅडमच्या गोळ्या रोज घेतल्या, चोरून. तुमचा मान मोडायचा नव्हता. आता काय बोलायचं ते मला बोला, सुनीला काय बोलू नका."

सुनीताने तोंडावर पदर धरला.  शरदच्या हातात तो आकडा लिहिलेला कागद होता, आणि तो कागद त्याने नकळत बारीक बारीक दुमडत नेला. मला वाटलं आता हा उठून जाणार.

बोलल्या त्या सोनाबाई. आमच्याकडे व्याही-विहिणी एकमेकांशी थेट फारसं बोलत नाहीत, बोलल्या तरी मध्ये कुणाला तरी घालून. त्या तात्यांशीच बोलल्या, पदर सारखा करून.

"दादा, बरं झालं तुम्ही सांगितलं. मला ठावं होतं, सुई सोडली तर मी वाचत नाय. मागं एकदा आजारात दोन दिस सुई घ्यायची राहिली होती तर दवाखान्यात टाकलं होतं मला."

शरद आईकडे वळला. "तुला माहीत होतं? मग तू हो का म्हणालीस?"

"काय करू मग?" सोनाबाई म्हणाल्या. "सीझन संपला की तू घरात नुसता पडून असायचा. आंघोळ दुपारी, जेवलास तर जेवलास. कुणी आलं की मागच्या दारानं निघून जायचा. ह्या रसाच्या कामाला लागल्यापासून तू सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायला लागला. माणसं तुला सर म्हणायला लागली. मी सुई सोडत नाय म्हटलं असतं तर तुझं ते बंद पडलं असतं."

  शरदने टायची गाठ सैल केली, मग टाय काढूनच टाकला आणि खिशात कोंबला. तो आईच्या पायांशी जमिनीवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी बऱ्याच वाईट बातम्या सांगितल्या आहेत आणि बरीच रडणारी माणसं बघितली आहेत. त्या दिवशी मात्र मला टेबलाचा खण उघडून काहीतरी शोधत बसावं लागलं.

सोनाबाईंचं इन्सुलिन अर्थातच बंद झालं नाही. उलट मी त्याचा डोस नीट बसवून दिला. त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या.

रविवारच्या सेमिनारला शरद गेला. आपले सासरे आणि आई येणार नाहीत एवढं त्याने आपल्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, "काही हरकत नाही, दुसरे पेशंट आहेत." शरद त्याच दिवशी त्यातून बाहेर पडला. आणि पुढचं जे त्याने केलं ते मला सुनीताने सांगितलं. ज्या ज्या घरी त्याने बाटली दिली होती, त्या प्रत्येक घरी तो परत गेला आणि दारात उभं राहून म्हणाला, डॉक्टरची औषधं सोडली असतील तर परत चालू करा. काहींनी त्याला चहा दिला, काहींनी चार शब्द सुनावले. दारोदार जाऊन विकणं एक वेळ सोपं, पण असं परत जाणं माझ्याच्याने झालं नसतं. त्या पोराबद्दल मला तेव्हापासून मनापासून आदर आहे. थंडीत द्राक्षांचा सीझन सुरू झाला आणि तो पुन्हा पॅकहाउसला लागला.

सुनीताला सासरी कोणी एक शब्दही बोललं नाही. सोनाबाई तर म्हणे व्याह्यांचं नाव निघालं की हसायला लागायच्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने निवृत्त झाले असते. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला तात्यांचा पुढचा रिपोर्ट आला. साखर पुन्हा वर. पट्टा पुन्हा बाहेरच्या भोकावर.

"तात्या, चालता ना?"

तात्या टोपी फिरवत होते. काकूंनीच सांगितलं. चोरून ओतायला आता काही उरलं नव्हतं, त्यामुळे मळ्यात पायी जायचं कारणही उरलं नव्हतं. मुलाच्या मागे बसून जाणं सुरू झालं होतं. जावयाने रस बंद केला म्हणजे त्याबरोबरची पथ्यंही सुटली, असा त्या घराने अर्थ लावला होता. चहा आला, टोस्ट आले, रात्रीची जेवणं उशिरावर गेली. मी माझं नेहमीचं सगळं पुन्हा सांगितलं. तात्यांनी दोन्ही हात जोडले. "तुमचं बरोबर हाय, मॅडम."

मी हात टेकले. संध्याकाळी पिंपळगावला फोन लावला.

"शरद, एक काम आहे. मामांना भेटून दोन वाक्यं सांगायची. मळ्यात चालत जायचं. सकाळचा गोड चहा नाही."

"एवढंच? पण मॅडम, हे तर तुम्ही त्यांना रोजच सांगता."

"सांगते ना. तू ये."

तो पुढच्या सुट्टीला आला. मला काकूंनी नंतर सगळं साग्रसंगीत सांगितलं. जेवण झाल्यावर शरद म्हणाला, "मामा, उद्यापासून मळ्यात चालत जायचं बरं का." तात्या पान लावता लावता थांबले आणि म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत ते पाटाच्या रस्त्याला लागले होते. मुलगा गाडी घेऊन मागून गेला, बसा म्हणाला, तर त्याला म्हणाले, जावयाचा शब्द हाय. पुढे मी दवाखाना बंद करेपर्यंत तात्यांची साखर कधी वर गेली नाही.

माझ्याकडे पदवी होती, अनुभव होता, भिंतीवर सर्टिफिकेट होतं. पण मी त्यांची डॉक्टर होते, जावई नव्हते.